सेमिनार ऑनलाइन घ्या, पण जरा असा

सिरोंच्याच्या पोरीला तिच्या प्रोजेक्टच्या सेमिनारसाठी गडचिरोलीला बोलावलं तर जवळपास 200 किलोमीटर, म्हणजे दिवसही गेला न तिकिटाचे पैसेही, त्यापेक्षा गूगल मीटवर घ्या. फ्री ग्रुप कॉल 60 मिनिटांचाच, म्हणून चार-चार पोट्ट्यांच्या बॅच करा. स्लाइडची पीडीएफ आदल्या रात्रीच व्हॉट्सअ‍ॅपवर मागून ठेवा, रेंज गेली तर स्क्रीन तुम्ही शेअर करा न तिला साध्या फोनवरून स्पीकरवर बोलू द्या.

खरी गंमत चॅटमध्ये आहे बाप्पा, वर्गात मान खाली घालून बसणारे तिथं असे प्रश्न टाकतात की गाईडच गप्प! न कोणाचा प्रोजेक्ट गुलाबी बोंडअळीवर असंल तर त्याला वावरातूनच बोलू द्या, बाप कॅमेऱ्यासमोर बोंड फोडून अळी दाखवते, हॉलमध्ये हे कुठून आणणार? फक्त टायमिंग लोडशेडिंग बघून ठेवा.