जहाजातल्या बंद कप्प्याची आग: मॉडेलआधी पोलादाचा हिशोब

माझ्या हाताखाली येणारी मुलं जहाजातली आग म्हटलं की थेट एफडीएस (आग आणि धुराचं मॉडेल चालवणारं सॉफ्टवेअर) उघडतात. मी त्यांना आधी वही-पेन घ्यायला लावते. इमारतीतली आग बहुतेकदा दारा-खिडक्यांतून पसरते. जहाजात ती बंद पोलादातूनही पलीकडे पोचते. म्हणून पहिला हिशोब बल्कहेडचा, म्हणजे कप्प्यांमधल्या पोलादी भिंतीचा.

८ मिलिमीटरचा उघडा पत्रा घ्या. त्याच्या एका चौरस मीटरचं तापमान १ अंशाने वाढवायला साधारण २९ किलोज्यूल लागतात. त्यावर २० किलोवॅट उष्णता येत राहिली आणि मागून काहीच निघून गेली नाही, तर २०० अंश चढायला पाचच मिनिटं पुरतात. पत्र्याच्या दोन्ही बाजूंच्या तापमानात जवळपास फरक नसतो. पलीकडचा रंग फुगतो, बल्कहेडला टेकवून ठेवलेले खोके धुमसू लागतात. ए-६० बल्कहेडला (६० मिनिटं आग अडवण्याच्या वर्गातल्या भिंतीला) इन्सुलेशन असतं ते याचसाठी. प्रमाणित चाचणीत ६० मिनिटं मागच्या बाजूची सरासरी वाढ १४० अंशांपलीकडे जाता कामा नये, आणि कुठल्याही एका बिंदूवर १८० पलीकडे.

दुसरा हिशोब हवेचा. ५ × ४ × २.५ मीटरच्या स्टोअरमध्ये साधारण ६० किलो हवा, त्यात १४ किलो ऑक्सिजन. त्यातला तिसरा हिस्सा संपत आला की ज्वाळा विझायला लागते. एक किलो ऑक्सिजन खर्च झाला की १३.१ मेगाज्यूल उष्णता निघते. म्हणजे दार बंद असेल तर १ मेगावॅटची आग जेमतेम मिनिटभर जोरात जळेल. ०.८ × १.८ मीटरचं दार उघडं ठेवलं, तर आत सुमारे २.९ मेगावॅटपर्यंत जळू शकतं. दोन्ही परिस्थिती चालवा, आणि ब्लोअर चालू असेल तर तिसरीही.

मग सीफास्ट, म्हणजे आगीचं सोपं, झटपट मॉडेल. त्यात कप्प्याचे दोनच थर, वर गरम धूर आणि खाली हवा. उत्तर काही सेकंदांत मिळतं. ते वहीतल्या आकड्यांशी जुळलं तरच एफडीएसकडे वळा. १ मेगावॅटच्या आगीला १० सेंटिमीटरची जाळी (मॉडेल जागेचे जे छोटे तुकडे पाडतं त्यांचा आकार) ठेवा, नंतर ५ ची, आणि निकाल किती हलतो ते बघा.

एफडीएसमध्ये दोन गोष्टी हमखास राहून जातात. बल्कहेडची मागची बाजू 'एक्स्पोज्ड' (पलीकडच्या हवेला उघडी) ठेवून शेजारचा कप्पाही जाळीत घ्यायचा, म्हणजे वर, खाली, चारही बाजूंचा. आणि गळती द्यायची: पूर्ण हवाबंद कप्प्यात दाब अवास्तव चढतो. केबल आणि पाइप बल्कहेडमधून जातात तिथल्या फटी ड्रॉइंगवर शोधा. शक्य असेल तर जहाजावर जाऊन हात लावून बघा. भिंतीचा साधा हिशोब उष्णता फक्त जाडीतून नेतो, स्टिफनरमधून (पत्र्याला बळकटी देणाऱ्या पट्ट्यांमधून) आडवी पसरणारी धरत नाही. इन्सुलेशन जिथे स्टिफनरपाशी तुटतं, तिथलं उत्तर मी वेगळ्या थर्मल मॉडेलमधूनच घेते.

शेवटी मोजलेल्या आगीशी ताडून पाहा. अमेरिकी नौदलाने अलाबामातल्या मोबाइल बेमध्ये 'शॅडवेल' या निवृत्त जहाजावर खऱ्या आगी लावून मोजमापं घेतली आहेत. त्यातली एखादी चाचणी तुमच्या सेटिंगवर उतरवा. पलीकडच्या पत्र्याचं तापमान जुळलं, की मगच आपल्या जहाजाचं ड्रॉइंग उघडा.