रोपं सर्वांत शेवटी आणा: फुलांचे वाफे करताना या चुका टाळा

मे महिन्यात रो-हाउसचा ताबा मिळतो आणि पहिल्याच रविवारी मंडळी नर्सरी गाठतात. गुलाब, शेवंती, मोगरा डिकीत कोंबून घरी आणतात आणि मग फोन करतात, "वाफा कुठे करू?" रोपं दारात सुकत असताना कुणालाच धड विचार सुचत नाही. आधी जागा, मग माती, मग खत. नर्सरीची फेरी त्यानंतर.

जागा ठरवताना बहुतेक जण मे महिन्याचं ऊन बघून फसतात. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात भर दुपारी सूर्य डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो, त्यामुळे घराच्या उत्तरेकडची पट्टीसुद्धा उन्हात असते. डिसेंबरात तोच सूर्य दुपारी क्षितिजापासून जेमतेम 48 अंश वर येतो. 25 फूट उंच घराची सावली तेव्हा उत्तरेला 22 फुटांपर्यंत जाते. गुलाबाचा बहर हिवाळ्यातला, शेवंतीही थंडीतच फुलते. म्हणजे नेमकी फुलं हवीत तेव्हा वाफा अंधारात. या झाडांना रोज सहा तास तरी ऊन हवं. उत्तरेची पट्टी पावसाळ्यात तेरड्याला द्या, एरवी अबोलीला. माझ्यापुरतं सांगायचं तर डिसेंबरात एक चक्कर मारून ऊन पाहिल्याशिवाय मी कुणाला जागा दाखवत नाही. लोकांना हे फार लांबण वाटतं. वाटू दे.

शेवंतीचं आणखी एक. ती रस्त्यावरच्या दिव्याखाली लावू नका. रात्र मोठी झाली की तिला कळ्या धरतात. रात्रभर उजेड पडत राहिला तर नुसता पाला वाढतो.

आता माझी सगळ्यात नावडती चूक : राडारोड्यावर लाल माती पसरणं. आमच्या ओळखीच्या एका गृहस्थांना कुणीतरी "अर्ध्या दिवसात बाग करून देतो" म्हणून गाठलं. ट्रकभर लाल माती आली, वर रोपं टोचली, कडेने विटा तिरक्या लावून चुना मारला. फोटो झकास आले. आषाढातल्या पावसानंतर शेवंती माना टाकायला लागली आणि गुलाबाची नवी पानं पिवळी पडली, शिरा तेवढ्या हिरव्या. गृहस्थांनी खत कमी पडतंय समजून युरिया टाकला, तरी फरक नाही, म्हणून पुन्हा टाकला. शेवटी पहार घेऊन आम्ही खणलं, तर नऊ इंचांवर खण्णकन आवाज. प्लास्टरचे ढलपे, फरशीचे तुकडे, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या आणि त्याखाली रोलर फिरवून दाबलेला मुरूम. पाणी जाणार कुठे? मुळं कुजली होती. प्लास्टरमधल्या चुन्या-सिमेंटने मातीचा सामू (pH) वाढतो, म्हणजे ती अल्कधर्मी होते, आणि लोह असूनही झाडाला घेता येत नाही. पिवळेपणा त्याचा होता, तिथे युरिया काय करणार! सगळी माती बाजूला काढून, दीड फूट खणून, राडा उपसून वाफा नव्याने भरावा लागला. अर्ध्या दिवसाच्या बागेचे पैसे दोनदा गेले.

म्हणून आधी फूटभर खोल खड्डा घ्या. पाण्याने भरा, ते जिरलं की पुन्हा भरा. दुसरं पाणी सकाळपर्यंत तसंच राहिलं तर तिथे सपाट वाफा नको. आठ-नऊ इंच उंच गादीवाफा करा. कोकणात जांभ्याच्या मातीला ही अडचण कमी, पण पावसात खत धुऊन जातं. तिथे शेणखत एकदम न घालता विभागून द्यावं.

काळ्या मातीला वाफसा, म्हणजे खणण्याजोगी बेताची ओल, नसताना हात लावू नका. मूठभर माती दाबा, कमरेइतक्या उंचीवरून सोडा. गोळा फुटला तर खणा. चपटा होऊन पडला तर घरात जाऊन चहा प्या. ओल्या चिखलात फावडं मारलं की विटेसारखी ढेकळं होतात, ती वर्षभर पुरतात. मी एप्रिलअखेर खणून माती तशीच तापत ठेवतो. तणांची मुळं वाळतात, किडींचे कोष उघडे पडून पक्ष्यांना मिळतात, आणि पहिल्या पावसात ढेकळं आपोआप विरघळतात.

काळी माती भुसभुशीत व्हावी म्हणून दोन घमेली वाळू टाकणारे खूप. थोड्या वाळूने ती आणखी घट्टच बसते. कुजलेलं शेणखत आणि पालापाचोळा घाला.

ताजं शेण नको. मुळं भाजतात आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, पोसली जाते. कुजलेल्या खताला शेणाचा वास येत नाही, एवढी एकच खूण पुरे.

वाफा चार फुटांहून रुंद करू नका. भिंतीलगत असेल तर दोनच. नाहीतर खुरपणीला आत पाय ठेवून कमावलेली माती स्वतःच तुडवाल.

गुलाबात किमान दोन फूट अंतर, उंच झेंडूत दीड. सुरुवातीला वाफा उघडाबोडका दिसतो म्हणून मध्ये रोपं खुपसायची नाहीत.

भरलेल्या वाफ्याला दोनदा भरपूर पाणी देऊन आठवडाभर बसू द्या, खचेल तिथे माती भरा. मग नर्सरीत जा. काळ्या पिशवीतलं रोप चिकट लाल मातीच्या गोळ्यात असतं. तो तसाच पुरला तर वाफा ओला आणि गोळा आतून कोरडा राहतो. पिशवी फाडा, गोळ्याची कड बोटांनी सैल करा आणि संध्याकाळी लावा.