‘निरंक’ लिहिण्याआधी: लोकसभेला उभं राहिलेल्या एका कामगार वकिलाचा अनुभव

माझ्या निवडणूक खर्चाच्या नोंदवहीत पहिल्या काही दिवसांपुढे मी एकच शब्द लिहिला होता, निरंक, म्हणजे खर्च शून्य. त्या शब्दानं माझी झोप घालवली. २०२४ ला मी कोल्हापुरातून लोकसभेला अपक्ष उभा होतो. अलीकडं दोघा-तिघा तरुण वकिलांनी कोर्टाच्या कॅन्टीनमध्ये गाठून ‘आम्हीपण उभं राहायचं म्हणतोय’ असं सांगितलं. तोंडी सांगताना दर वेळी काहीतरी राहून जातं, म्हणून लिहून काढतोय.

माझे वडील कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या फौंड्रीत मोल्डर, म्हणजे साचे करणारे कामगार होते. बी.ए. करताना मीही दोन वर्षं तिथं फेटलिंगला, म्हणजे ओतीव माल घासून साफ करायला होतो. मग लॉ केलं, सनद घेतली आणि पहिल्या दिवसापासून लेबर कोर्ट धरलं. ग्रॅच्युइटी, कामावरून कमी केल्याच्या केसेस, हेच माझं काम. लोक विचारायचे, नगरसेवक व्हायचं सोडून थेट खासदारकी कशाला? माझं उत्तर तेव्हाही सरळ होतं, आजही आहे. ईपीएस-९५ ची, म्हणजे पीएफबरोबरच्या कामगार पेन्शन योजनेची किमान पेन्शन २०१४ पासून महिना १,००० रुपयांवर अडकली आहे, ती महापालिकेच्या सभेत वाढत नाही. ग्रॅच्युइटीचा १९७२ चा जुना कायदा असो की आताच्या नव्या कामगार संहिता, सगळं दिल्लीत ठरतं. तीस-तीस वर्षं भट्टीसमोर उभी राहिलेली माणसं माझ्या टेबलासमोर बसून हजार-दीड हजाराची पेन्शन स्लिप दाखवतात. ती स्लिप घेऊन तिथं कोणीतरी गेलं पाहिजे, असं मला वाटलं.

आता पहिली कडू गोष्ट. तुम्हाला कोणीतरी नक्की सांगेल, ‘कोल्हापुरात अपक्ष निवडून येतो, २००९ ला सदाशिवराव मंडलिक आले की.’ आले, खरं आहे. पण ते त्याआधी तीन वेळा खासदार होते, कागल तालुका त्यांच्या पाठीशी होता, साखर कारखाना होता. तुमच्याकडं काय आहे? वकीलपत्रांची थप्पी. तेव्हा त्या उदाहरणावर कर्ज काढू नका. मी काढलं नाही, हे एक शहाणपण माझ्या हातून झालं.

वेळेचा हिशोबही आधी करा. २०२४ ला अर्ज मागे घ्यायची मुदत २२ एप्रिलला संपली, मतदान ७ मेला. प्रचार ४८ तास आधी थांबतो. म्हणजे चिन्ह मिळाल्यापासून हातात जेमतेम तेरा दिवस. मतदारसंघ चंदगडपासून गगनबावड्यापर्यंत, सहा विधानसभा, मतदार १९ लाखांच्या वर. अपक्षाचं चिन्ह लोकांच्या डोळ्यांत बसायलाच आठवडा जातो. मतदान यंत्राच्या एका बॅलट युनिटवर सोळा बटणं असतात, उमेदवार जास्त झाले की दुसरं युनिट जोडतात, आणि आपण बहुतेक त्या दुसऱ्या युनिटवर. ‘कुठल्या मशीनवर हाय तू?’ हा प्रश्न मला शेवटच्या दिवसापर्यंत आला.

सूचकांचं, म्हणजे अर्जावर आपलं नाव सुचवून सही करणाऱ्यांचं, एक सांगून पुढं जातो. अपक्षाला दहा सूचक लागतात आणि दहाही त्याच मतदारसंघाचे मतदार हवेत. आपल्याला जिल्हा म्हणजे एकच वाटतो. पण पंचगंगेचा पूल ओलांडून शिरोलीत गेलात की तुम्ही हातकणंगले लोकसभेत असता. माझे निम्मे पक्षकार शिरोली एमआयडीसीच्या परिसरात राहणारे, जीव टाकणारे लोक, पण सूचक म्हणून उपयोग शून्य. गोकुळ शिरगाव चालतं, शिरोली चालत नाही. पन्हाळा तालुका तर दोन्हीकडं वाटला गेलाय. प्रत्येकाचा यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक स्वतःच्या डोळ्यांनी तपासा. एका उमेदवाराला चार अर्ज भरता येतात आणि अनामत एकदाच लागते, २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला १२,५००. म्हणून वेगवेगळ्या सूचकांचे किमान दोन अर्ज भराच.

आता त्या ‘निरंक’कडं येतो. हे नीट वाचा, बाकीचं विसरलात तरी चालेल.

अर्ज भरायला निघालो त्या दिवशी मी कोणालाही एक पैसा दिला नव्हता. तालमीची पोरं हलगी घेऊन आली. स्टँडवरच्या तिघा दोस्तांनी रिक्षा आणल्या. एकानं घरच्या टेम्पोवर तालमीचा स्पीकर चढवला. चहा कोपऱ्यावरच्या टपरीवाल्यानं पाजला, त्याच्या बापाची ग्रॅच्युइटी मी मिळवून दिली होती. संध्याकाळी नोंदवही उघडली. तिच्यात तीन रंगांची पानं असतात: पांढरी रोजच्या खर्चाची, गुलाबी रोख रकमेची, पिवळी बँकेची. पांढऱ्या पानावर तारीख घातली आणि प्रामाणिकपणे लिहिलं, निरंक. दुसऱ्या दिवशी निरंक. तिसऱ्या दिवशी निरंक. मनातून अभिमान वाटत होता. बाकीचे लाखो उधळतात आणि आपली निवडणूक लोकांच्या प्रेमावर चाललीय.

प्रचाराच्या काळात खर्चाची तपासणी तीनदा होते. पहिल्या तपासणीला टेबलापलीकडच्या अधिकाऱ्यानं माझी नोंदवही बाजूला ठेवली आणि त्यांची उघडली. तिला छायांकित निरीक्षण नोंदवही म्हणतात. व्हिडिओ पथकानं जे जे टिपलं, ते सगळं तिच्यात दरासकट लिहिलेलं असतं. तीन रिक्षा. एक टेम्पो. स्पीकर. हलगी पथक. नंतरच्या कोपरा सभेतल्या खुर्च्यासुद्धा मोजून लिहिलेल्या. पुढं जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांनी ठरवलेल्या दरपत्रकाप्रमाणं आकडे. आणि माझ्या पानावर निरंक.

‘साहेब, हे सगळं फुकट मिळालंय,’ मी म्हणालो.

‘वकीलसाहेब, फुकट मिळालं तरी खर्च तुमच्याच खाती पडतो,’ ते शांतपणे म्हणाले.

त्यांचं बरोबर होतं. उमेदवारानं पैसे दिले नाहीत तरी त्याच्या संमतीनं त्याच्या प्रचाराला वापरलेल्या वस्तूची किंमत त्याच्याच हिशोबात धरली जाते. दुसऱ्यानं दिलं असेल तर तसं दाखवायला नोंदवहीत वेगळा रकाना आहे, पण नोंद हवीच. अर्जाआधी छापलेली पत्रकं अर्जानंतर वाटलीत तर तीही धरायची. माझी तफावत ३१ हजारांच्या आसपास निघाली. लोकसभेची मर्यादा ९५ लाखांची आहे, तिच्यापुढं ही रक्कम काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणालो. पण आपल्यासारख्याला मर्यादेची भीती नसतेच, आपण तिच्या जवळपासही जात नाही. आपल्याला भीती चुकीच्या हिशोबाची. पैसेवाल्या उमेदवाराकडं भाड्याची बिलं असतात, सीए असतो. आपली सगळी निवडणूक उसनवारीवर आणि मैत्रीवर चालते, म्हणजे बिल कशाचंच नाही. हा खड्डा नेमका गरीब उमेदवारासाठीच खणल्यासारखा आहे, आणि त्यात वकील पडतो, कारण त्याला वाटतं आपल्याला कायदा कळतो.

नोटीस मिळाली. ४८ तासांत खुलासा द्यायचा होता. करायचं ते साधं होतं: ज्यानं जे दिलं त्याच्याकडून एका कागदावर घ्यायचं, काय दिलं, किती दिवस, दरपत्रकाप्रमाणं किंमत किती, आणि खाली सही. पण हे करताना मला जे जड गेलं ते कुठल्याच कायद्याच्या पुस्तकात नाही. रिक्षावाल्या दोस्ताकडं कागद घेऊन गेलो. त्यानं वाचला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, ‘भावा, मी काय भाड्यानं आलोय व्हय?’ शाळेत आम्ही एका बाकावर होतो. माझ्या वडलांच्या पायावर भट्टीतला तापलेला रस सांडला तेव्हा सीपीआरला, सरकारी दवाखान्यात, त्याच्याच बापानं रिक्षातनं नेलं होतं. त्या माणसाच्या मैत्रीची मी दिवसाला इतके रुपये अशी किंमत लिहून आणली होती. त्यानं सही केली नाही. मी त्याच्या दारात अर्धा तास बसून राहिलो. शेवटी त्याची आई बाहेर आली, म्हणाली, ‘सही कर रं, कोर्टाचं काम असतंय त्येंचं.’ तेव्हा केली.

म्हणून सांगतो, ही बोलणी अर्ज भरायच्या आधी करा. मित्रांना चहाला बोलवा आणि समजावून सांगा की तुझं नाव आणि तुझ्या रिक्षाची किंमत सरकारी वहीत जाणार आहे, ती मदतीची नोंद आहे, मजुरीची नव्हे. आधी सांगितलं की कोणी दुखावत नाही. रोज रात्री दहाला स्पीकर बंद होतो, त्यानंतरची वीस मिनिटं फक्त वहीला द्या. कुठल्या दिवशी खरंच काही झालं नसेल तरच निरंक लिहा.

रोख पैशांचंही तसंच. फौंड्रीच्या गेटवर कामगारांनी डब्यात दहा-दहा, वीस-वीस टाकले. तो डबा थेट छपाईवाल्याकडं न्यायचा नाही. आधी गुलाबी पानावर जमा, मग निवडणुकीच्या खात्यात भरणा, मग त्या खात्यातून खर्च. एका माणसाला किंवा एका दुकानाला सगळ्या निवडणुकीत मिळून १०,००० पेक्षा जास्त रोख देता येत नाही, त्यापुढं चेक नाहीतर ऑनलाइन. पत्रकावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवाच.

निवडणूक प्रतिनिधी, म्हणजे आपल्या वतीनं कागद-हिशोब सांभाळणारा माणूस, कोणाला करायचं, यावर माझं ठाम मत आहे. पुढाऱ्याला करू नका, भाषण करणाऱ्याला तर अजिबात नको. मला एका ज्येष्ठ वकिलांनी सांगितलं होतं, ‘हिशोबाचं निकालानंतर बघता येतं, आधी लोकांत जा.’ मी त्यांचा आदर करतो, पण तो सल्ला चुकीचा होता आणि तो मी डोळे झाकून घेतला. एखाद्या कारखान्यातला किंवा सोसायटीतला निवृत्त क्लार्क शोधा, ज्याला पाच रुपयांचा फरक लागला की जेवण जात नाही. मला असे एक काका नोटीस आल्यावर भेटले. आधी भेटले असते तर ही पानं लिहावी लागली नसती. आणि ‘पॅकेजमध्ये सगळा प्रचार करून देतो’ म्हणणाऱ्यांच्या नादी लागू नका. तुमच्या पेन्शनरांची भाषा त्यांना येत नाही.

मोर्चा-आंदोलनाच्या केसेस अंगावर असतील तर शपथपत्रात सगळ्या लिहा, एकही रकाना रिकामा ठेवू नका. प्रलंबित केस असेल तर ती वर्तमानपत्रात आणि टीव्हीवर तीन वेळा जाहीर करावी लागते, पदरच्या पैशानं. कामगारांसाठी रस्त्यावर बसलेल्या माणसाला हा भुर्दंड पडतो, याची मला आजही चीड आहे. पण टाळू नका.

माघारीच्या दिवशी फोन येतील. ‘बसा आता, तुमचं बघून घेऊ.’ पैसे घेऊन अर्ज मागे घेणं हा भ्रष्टाचार आहे, देणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचाही. फोन बंद ठेवा आणि घरी आईजवळ बसा. मी तेच केलं.

एवढं वाचून घाबरला असाल तर थांबा. मला वैध मतांच्या एक षष्ठांशाच्या आसपासही मतं पडली नाहीत, अनामत गेली. तरी ते तेरा दिवस मी कशालाही देणार नाही. राधानगरीकडं एका गावात पारावर सात माणसं होती. त्यांच्यापुढं मी पेन्शनचा हिशोब मांडला: पगार गुणिले सेवेची वर्षं, भागिले सत्तर. एका आजोबांनी खिशातली स्लिप काढून तो हिशोब स्वतः करून बघितला आणि म्हणाले, ‘जुळतंय की. एवढी वर्षं कुणी सांगितलंच न्हाई.’ या शहरात गोविंदराव पानसरेंनी आयुष्यभर कामगारांची वकिली केली आणि लोकांना बसवून समजावून सांगितलं. निवडणुकीतही ते करता येतं, आणि त्याला खर्चही येत नाही. तो दिवस मात्र खरा निरंक होता, एसटीचं तिकीट सोडून. तेही लिहिलं.

हरल्यावर लगेच आडवे होऊ नका. निकालाच्या तारखेपासून ३० दिवसांत पूर्ण हिशोब जिल्हा निवडणूक अधिकाऱ्याकडं द्यावा लागतो, जिंकणाऱ्यालाही आणि हरणाऱ्यालाही. दिला नाही आणि सबळ कारण नसेल तर आयोग तीन वर्षं अपात्र ठरवू शकतो. ४ जूनला निकाल लागला. मी आणि काकांनी पुढचे तीन रविवार आमच्या स्वयंपाकघरात पावत्या लावत काढले आणि मुदतीच्या आत पोच घेतली. ती पोच मी सनदेच्या फाइलमध्ये ठेवली आहे. एक प्रत रिक्षावाल्या दोस्तानं मागून नेली.

तेव्हा सुरुवात बँकेतून करा. निवडणुकीचं वेगळं खातं अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं लागतं. तुमच्या एकट्याच्या नावावर, नाहीतर निवडणूक प्रतिनिधीबरोबर. बायको प्रतिनिधी नसेल तर तिच्याबरोबरचं जुनं खातं चालत नाही. आणि खातं उघडतानाच चेकबुक हातात मागून घ्या. पोस्टानं येईल म्हणाले तर तिथंच बसून राहा.