नव्या कॉम्प्युटरवर जुना डोंगल चालवताना

जुना लॅपटॉप फॉरमॅटला द्यायच्या आधी पाच मिनिटं काढा. डोंगलच्या (सिम घालून यूएसबीला लावायच्या नेटच्या काडीच्या) सॉफ्टवेअरमध्ये प्रोफाइल उघडा आणि एपीएन (सिम कंपनीच्या नेट जोडणीचं नाव), डायल नंबर (जीएसएम डोंगलला बहुधा *९९#), युजरनेम असं जे दिसेल त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. पासवर्डच्या जागी नुसते ठिपके दिसतात, तो मात्र आठवून वहीत लिहावा लागतो. सिमला पिन असेल तर तोही.

ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला डोंगल चालवता यावा म्हणून लागणारं सॉफ्टवेअर, कॉपी करत बसू नका. बऱ्याच डोंगलच्या पोटातच तो असतो: डोंगल लावला की 'धिस पीसी'मध्ये सीडी ड्राइव्ह दिसतो, त्यातलं सेटअप चालवायचं. गाडी अडते ती ३२ आणि ६४ बिटवर, हे विंडोजचे दोन प्रकार. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्येच येतं, त्यामुळे विंडोज ७ च्या काळातला ३२ बिटचा ड्रायव्हर तिथे चालत नाही, कितीही वेळा इन्स्टॉल करा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं तर मॉडेल नंबर बघून कंपनीच्या साइटवरून ६४ बिटचा ड्रायव्हर घ्या. तो उतरवायला नेट लागणारच, तेव्हा मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग करा, म्हणजे मोबाइलचं नेट कॉम्प्युटरला द्या.

डोंगलच्या सॉफ्टवेअरमध्ये साठलेले एसएमएस जुन्या मशीनबरोबरच जातात, हवे असतील तर आधीच उतरवून घ्या.

घरी फायबर असेल आणि लॉगिन राउटरच करत असेल, तर यातलं काहीच नको. फक्त वायफायचा पासवर्ड.