सगळंच 'ब्रेक' होत नाही: मोडतोडीच्या इंग्रजीतल्या या चुका टाळा

ऑनलाइन मागवलेल्या सहा प्लेट्सपैकी एकीच्या कडेचा टवका उडाला होता. मी तक्रारीत लिहिलं, 'वन प्लेट इज ब्रोकन', आणि फोटो जोडला. उत्तर आलं: फोटोतली प्लेट तर अख्खी दिसतेय, फुटलेल्या प्लेटचा फोटो पाठवा. दोन दिवस हेच चाललं होतं. 'चिप्ड' एवढा एक शब्द लिहिला असता तर पहिल्याच मेलमध्ये काम झालं असतं.

गंमत म्हणजे मराठीत आपण या बाबतीत भलतेच काटेकोर. काच फुटते, दोरी तुटते, काठी मोडते, सदरा फाटतो. 'दोरी फाटली' म्हटलं तर लोक हसतील. पण इंग्रजीत शिरलो की ही सगळी दौलत दाराबाहेर ठेवतो आणि एकट्या 'ब्रेक'वर संसार रेटतो.

सदऱ्यापासून सुरुवात करू. 'माय शर्ट ब्रोक' होत नाही. कापड, कागद, पिशवी यांना 'टेअर' लागतं. भूतकाळात 'टोअर', आणि फाटलेला सदरा 'टॉर्न'. हाच शब्द 'टिअर' असा उच्चारलात तर त्याचा अर्थ अश्रू होतो, स्पेलिंग तेच. काचेला नुसता तडा गेला तर 'क्रॅक', ठिकऱ्या उडाल्या तर 'शॅटर'. मोबाइलच्या स्क्रीनवर एक रेघ आली असेल तर 'शॅटर्ड' लिहू नका, दुरुस्तीवाला नवी स्क्रीनच टाकायला सांगेल. पेन्सिल कटकन मोडली तर 'स्नॅप', फुगा किंवा पाण्याचा पाइप फुटला तर 'बर्स्ट', बिस्किटाचा चुरा झाला तर 'क्रम्बल'.

आता खरी अडचण. आपला एक शब्द धरून त्याला इंग्रजीतला एक शब्द चिकटवून टाकला, असं जमत नाही. 'फोडणे'च घ्या. अंडं फोडायचं तर 'क्रॅक', सरपण फोडायचं तर 'स्प्लिट' किंवा 'चॉप'. परीक्षेचा पेपर फुटतो तेव्हा तो 'लीक' होतो. 'द पेपर ब्रोक' ऐकून इंग्रजाला काहीच बोध होणार नाही. पक्ष फुटला तर 'स्प्लिट', पण आमदार फुटले तर 'डिफेक्ट'. (आपल्याकडे या दोन्ही शब्दांना मरण नाही.) 'तोडणे'चंही तेच. फुलं तोडायची तर 'पिक' किंवा 'प्लक', ऊस तोडायचा तर 'कट', आणि बिल न भरल्यामुळे वीज तोडली तर 'कट ऑफ'.

'मोडणे'मध्ये एक धोक्याचं वळण आहे. पाचशेची नोट मोडणं म्हणजे सरळ 'ब्रेक', तिथे मराठी आणि इंग्रजी हातात हात घालून चालतात. पण साखरपुड्यानंतर लग्न मोडलं, तर 'हर मॅरेज ब्रोक डाउन' म्हणू नका. त्याचा अर्थ होतो, लग्न झालं होतं आणि पुढे संसार टिकला नाही. 'द एंगेजमेंट वॉज ब्रोकन ऑफ' किंवा 'द वेडिंग वॉज कॉल्ड ऑफ' म्हणा. मुलीची मावशी समोर असेल तर विशेष काळजी घ्या.

दुसरी चूक 'हातून'ची. 'माझ्या हातून ग्लास फुटला' यात आपण किती हुशारीने अंग काढून घेतो! तेच इंग्रजीत नेऊन 'द ग्लास गॉट ब्रोकन फ्रॉम माय हँड' असं लिहिलं जातं. इंग्रज सरळ म्हणतो, 'आय ब्रोक द ग्लास'. मुद्दाम फोडला असं त्यात काही नाही. 'आय ब्रोक माय आर्म' म्हणणाऱ्यानेही हात मुद्दाम मोडून घेतलेला नसतो. आपल्याकडे फुटणे-फोडणे, फाटणे-फाडणे अशा जोड्या आहेत. तिथे 'ब्रेक' आणि 'टेअर' दोन्ही कामं एकट्याने करतात.

भाग पाडताना घोळ होतो तो पुढच्या छोट्या शब्दाचा. 'चार भागांत' मधला 'त' आपल्याला 'इन'कडे ओढतो, पण हवं असतं 'डिव्हाइड इन्टू फोर पार्ट्स'. 'कट इट इन हाफ' मात्र बरोबर आहे. 'डिव्हाइड बाय हाफ' म्हणजे निम्मं करणं नव्हे: 10 भागिले अर्धा किती? 20. पगार 'डिव्हाइड बाय हाफ' करणारा साहेब मिळाला तर नोकरी सोडू नका. आणि 'डिव्हाइड थ्री इन्टू ट्वेल्व्ह' असं कानावर आलं तर घाबरू नका, तो 12 भागिले 3 असंच म्हणतोय.

हॉटेलातलं 'वन बाय टू' सूप ही आपल्या देशातली सोय. परदेशातल्या वेटरला ते कळेलच असं नाही. 'कॅन वी शेअर वन?' विचारा, आणि बिल वाटून घ्यायचं असेल तर 'स्प्लिट द बिल'. पेढे वाटले तर 'डिव्हाइडेड' नको, 'गेव्ह आउट' म्हणा.

भूतकाळात 'स्प्लिट', 'कट', 'बर्स्ट' जसेच्या तसे राहतात. 'स्प्लिटेड' आणि 'कटेड' असे शब्दच नाहीत, निदान शिकलेल्या इंग्रजीत तरी. गाडी बंद पडली तर साहेबांना 'ब्रोक डाउन' कळवा, आणि वाक्याची सुरुवात 'माय बाइक'ने करा. घाईत नुसतंच 'आय ॲम ब्रोक' पाठवलंत, तर साहेबांना वाटेल तुम्ही उसने पैसे मागताय.