उद्यमबागेतील कारखान्यात बढतीची तयारी

बेळगावच्या उद्यमबाग किंवा मच्छे औद्योगिक वसाहतीत नोकरी करणाऱ्या अनेक मराठी तरुणांचे काम चोख असते. अडते ते चारचौघांत बोलताना. हा संकोच नुसता धीर एकवटून जात नाही, हाती नोंदी असाव्या लागतात. त्यासाठी एक साधी वही ठेवावी आणि शिफ्ट संपताना रिजेक्शन (म्हणजे तपासणीत नापास ठरलेले नग) किती झाले, कशामुळे झाले आणि आपण काय बदलले, हे तारखेसह लिहावे. समजा, शाफ्टचा व्यास 24.98 ते 25.00 मिलिमीटरच्या आत हवा असताना दुपारनंतर तो 25.01 येऊ लागला, तर ‘मशीन बिघडले’ असे सांगण्याऐवजी इन्सर्ट (धातू कापणारे, बदलता येणारे पाते) कधी बदलला होता, ऑफसेट (माप जुळवण्यासाठी मशीनला दिलेली दुरुस्ती) किती दिला आणि पुढच्या पाच नगांची मापे काय आली, हे सुपरवायझरांपुढे मांडावे.

कन्नड टाळू नये. मराठीचा अभिमान जरूर बाळगावा. पण शेजारच्या मशीनवरील सहकाऱ्याशी कन्नडमध्ये चार वाक्ये बोलता येत नसतील, तर त्याच्यासह दहा जणांची जबाबदारी आपल्यावर कोण सोपवेल?

पगारवाढीचे निर्णय बऱ्याच ठिकाणी आर्थिक वर्षाच्या अखेरीस, म्हणजे मार्चच्या सुमारास होतात. म्हणून साहेबांची भेट जानेवारीतच मागावी आणि ‘बढती द्या’ असे मोघम न म्हणता, अमुक मशीनचे सेटिंग किंवा नव्या मुलांचे प्रशिक्षण माझ्याकडे द्या, असे नेमके सांगावे. नकार मिळाल्यास कारण विचारून घ्यावे, ते वहीत टिपावे आणि तीन महिन्यांनी त्या मुद्द्यावरील प्रगतीसह पुन्हा भेटावे.