शोषखड्डा पावसाळ्यातच का तुंबतो? या चुका टाळा

पाऊस लागला की तापीकाठच्या गावांत एक तक्रार हमखास ऐकू येते. "काय भो, खड्डा खोदला, डबर भरलं, तरी मोरीचं पाणी गल्लीतच!" हा शोषखड्डा, म्हणजे सांडपाणी जमिनीत जिरवायचा डबर भरलेला खड्डा. त्याला बोल लावण्याआधी माती बघा. साक्रीकडच्या मुरमाड जमिनीत बिनतक्रार चालणारा शोषखड्डा चोपडा-रावेरच्या काळीत तुंबतो. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी खाली सोडतच नाही.

खरी फसगत मात्र मुहूर्तात आहे. खड्डे खोदायला आपण उन्हाळाच धरतो, कारण शेतात काम नसतं आणि मजूर मिळतो. पण वैशाखात काळीला हातभर भेगा पडलेल्या असतात. कितीही पाणी ओता, गडप. सगळे खूश. मग पाऊस पडतो, भेगा मिटतात आणि पाणी उलटं अंगणात येतं. आमच्या घरचा पहिला खड्डा असाच फसला.

म्हणून आधी चाचणी घ्या. फूटभर रुंद, तीन फूट खोल भोक घ्या, काठोकाठ भरा आणि रात्रभर माती फुगू द्या. दुसऱ्या दिवशी तळाशी सहा इंच पाणी ठेवून पट्टीने मोजा. इंचभर पाणी अर्ध्या तासाच्या आत उतरलं, तर खुशाल शोषखड्डा करा. अर्धा ते एक तास लागला, तर खोल खड्ड्याऐवजी लांब, उथळ चर खोदा. त्याहून जास्त लागला, तर जमिनीत पाणी जिरवण्याचा नाद सोडा.

"मग खड्डाच मोठा करू," असं कुणीतरी म्हणतंच. हिशेब करून बघा. माणशी ५५ लिटर नळाचं पाणी धरलं, तर पाच जणांच्या घरात रोज २७५ लिटर येतं आणि त्यातलं सत्तर टक्के, म्हणजे साधारण १९० लिटर, सांडपाणी होऊन निघतं. चार फूट लांब, रुंद आणि खोल खड्ड्यात १,८०० लिटर मावतं खरं, पण डबर भरल्यावर मोकळी जागा उरते जेमतेम ७०० लिटरची. पाणी मुरलंच नाही, तर चार दिवसांत खड्डा फुल्ल.

मुरमातले खड्डेही तुंबतात, पण ते आपल्या हाताने. भांडी घासायची राख, चहाचा चोथा, खरकटं, साबणाचा मेण हे सगळं थेट आत जातं आणि डबराच्या फटी लिंपून टाकतं. खड्ड्याआधी गाळ बसायला छोटी टाकी हवीच, आणि ती दर आठ-पंधरा दिवसांनी उपसायला हवी. बांधून विसरलेली टाकी काय कामाची? खड्डा आधीच तुंबला असेल, तर डबर काढून धुवा, कडेचा काळा चिकट थर खरवडा, चार दिवस ऊन लागू द्या आणि मग पुन्हा भरा. वरून पोतं अंथरून माती टाका, नाहीतर पावसाबरोबर अंगणातला गाळ आत उतरतो.

संडासाच्या टाकीचं पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नका, आणि उघड्या गटारात तर नाहीच. त्याला वेगळा शोषखड्डा हवा, विहिरीपासून किमान ६० फूट लांब. टाकीत ॲसिड ओतलं तर मैला कुजवणारे जीवाणूच मरतात. टाकी उपसायला आत माणूस उतरवणं हा गुन्हा आहे. आतल्या वायूने क्षणात जीव जातो. त्यासाठी मैला उपसणारी गाडीच बोलवा.

आता काळीतल्या घरांनी काय करायचं? आपल्याकडे उत्तर दारातच आहे: केळी. भर उन्हाळ्यात एक झाड दिवसाला १५-२० लिटर पाणी पितं, म्हणजे दहा-बारा झाडांत घरचं पाणी खपतं. गाळ काढलेलं पाणी आळीपाळीने फिरवा, एकाच आळ्यात तुंबवू नका. त्याच पाण्यावर मेथी-कोथिंबीर मात्र लावू नका. पावसाळ्यात केळीला या पाण्याची गरज उरत नाही, म्हणून गाळटाकीतून गावाच्या बंद गटाराकडे एक जोडनळी पहिल्याच दिवशी टाकून ठेवा. नंतर त्यासाठी ओटा फोडावा लागतो.